मयूरला रविवारपर्यंत सोडू नये

कोलशेतच्या मयूरला परदेशातल्या विमानतळावर अटक झाली, कारण तिथला कुत्रा त्याच्या बॅगेसमोर खाली बसला.

कुत्रा सरकारी होता. अमली पदार्थाचा वास आला की बसायचं, एवढ्याच कामावर त्याची नेमणूक होती. मयूर एसी दुरुस्त करणारा मेकॅनिक; एका हॉटेलच्या कामासाठी तिकडे निघालेला. ‘पोराला तिकरं काय खायाला मिलंल कोन जाने’ म्हणून त्याच्या आईने, गोदाबाईने, बॅगेत सुक्या जवळ्याचं कूट भरून दिलं होतं. खाडीकाठच्या कोळ्याघरचा जवळा तो. त्याच्यासमोर कुठला कुत्रा उभा राहील? अधिकाऱ्यांनी पुडी उघडताच कुत्रा उठला आणि त्याने निम्मा पुरावा खाल्ला. खाऊनही कुत्र्याला काही झालं नाही, याकडे मयूरने नम्रपणे लक्ष वेधलं. त्यावरून माल फार उंची असल्याचा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी काढला आणि त्याला कोठडीत टाकलं.

त्या देशाचं नाव इथे देत नाही. त्याच्या सुटकेसाठी पुढे निघालेल्या मुक्ती समितीच्या पत्रकांतही ते शेवटपर्यंत बरोबर छापलं गेलं नाही.

मयूरची बायको करिश्मा हिने पहिला फोन काळुरामला केला. काळुराम डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या जुन्या आगरी घरातला. वडलांच्या भातशेतावर आता चार मजली इमारत उभी होती आणि काळुराम तिचा मालक होता. आयटीआयमध्ये तो आणि मयूर एका बाकावर बसलेले. मयूरच्या हळदीला तो इतका नाचला होता की पाहुण्यांनी त्यालाच नवरा समजून ओवाळलं. फोन ठेवून तो ढसाढसा रडला, तोंड धुतलं आणि पोलिसांकडे गेला.

“माणूस हरवलाय?” हवालदाराने विचारलं.

“हरवला नाही साहेब, कोठडीत आहे.”

“म्हणजे कुठे आहे ते माहीत आहे. मग हरवल्याची तक्रार कशी घेऊ?”

“पळवून नेलाय असं लिहा.”

“कोणी?”

“तिकडच्या पोलिसांनी.”

हवालदार गंभीर झाला. “हे बघा, पोलीस तिकडचे, कुत्रा तिकडचा. आपल्या हद्दीतला फक्त जवळा. तोही कोलशेतचा, म्हणजे ठाण्याच्या ठाण्यात जा.”

ठाण्याच्या ठाण्याने त्याला पुन्हा डोंबिवलीला पाठवलं, कारण तक्रारदार डोंबिवलीचा होता. तेव्हा काळुराम गुणाजीशेठकडे गेला. गुणाजीशेठ हे माजी आणि भावी नगरसेवक होते. मधला वर्तमानकाळ तेवढा रिकामा होता.

“शेठ, माझा दोस्त अडकलाय.”

“कुठल्या वॉर्डात?”

काळुरामने सगळं सांगितलं. शेठनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं आणि थोडी चमकही. “काळू, हा एकट्या मयूरचा प्रश्न नाही. हा आपल्या सुक्या मासळीच्या अस्मितेचा प्रश्न आहे. समिती काढ.”

समिती निघाली. अध्यक्ष गुणाजीशेठ, सरचिटणीस काळुराम आणि प्रचारप्रमुख यज्ञेश. यज्ञेशचं बॅनर छापायचं दुकान होतं, त्यामुळे पहिला निर्णय बॅनरचा झाला. दुसऱ्या दिवशी मानपाडा रोडवर बॅनर झळकला. मध्ये गुणाजीशेठ, हातात गॉगल. वर सात नेते. खाली बालमित्र मंडळातले झाडून सगळे. मयूर उजव्या कोपऱ्यात होता, जिथे खांबाचा खिळा येतो तिथे. यज्ञेशच्या कॉम्प्युटरवर वाढदिवसाचाच नमुना तयार असल्यामुळे मजकूर असा होता: ‘मयूरभाऊंच्या अटकेनिमित्त तीव्र निषेध! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.’

मयूर सुटला नाही, पण बॅनर फार आवडला. चार जणांनी आपला फोटो राहिल्याची तक्रार केली. म्हणून दुसरा बॅनर काढावा लागला, आणि त्यात जागा व्हावी म्हणून मयूरला वगळावं लागलं.

त्यानंतर चळवळ आटोक्यात राहिली नाही. तलावाकाठी गजांचा सेल्फी पॉइंट उभा राहिला; गजांमागे उभं राहून लोक सहकुटुंब दुःखी चेहऱ्याचे फोटो काढू लागले. लहान मुलांसाठी गज थोडे खाली घेतले. डोंबिवलीच्या एका सभागृहात ‘तुरुंग: एक चिंतन’ या विषयावर व्याख्यान झालं, त्यात वक्त्यांनी मयूरचा उल्लेख वेळेअभावी टाळला. ‘मयूर मुक्ती चषक’ क्रिकेट स्पर्धेत पंचाने एका फलंदाजाला चुकीचा बाद दिला, तेव्हा त्या फलंदाजासाठी मैदानातच वेगळी समिती स्थापन झाली. ती मूळ समितीपेक्षा आक्रमक निघाली.

करिश्मा यांपैकी कुठेच नव्हती. ती रोज सकाळी मुलीला शाळेत सोडून तिकडच्या आपल्या दूतावासाला फोन लावायची. फोन उचलेपर्यंत लावायची. उचलणाऱ्याचं नाव विचारून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच मागायची. गोदाबाई जवळा निवडतात, भाजतात, कुटतात याचा व्हिडिओ काढून तिने पाठवला. तिकडच्या वकिलाला गाठून तिने उरलेल्या कुटाची तपासणी लावून घेतली. कधीमधी ती काळुरामला म्हणायची, “भावजी, मंत्रालयात कोणी ओळखीचं आहे का शेठच्या?”

“वहिनी, महामोर्चा होऊन जाऊ दे,” काळुराम म्हणायचा. “मग सगळेच ओळखीचे होतील.”

महामोर्चा रविवारी होता. बडे पाहुणे येणार होते, वाहिन्या येणार होत्या. ‘मी मयूर’ लिहिलेले टीशर्ट आणि टोप्या गठ्ठ्यांनी येऊन पडल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात, मोर्चाला जेमतेम काही दिवस उरलेले असताना, करिश्माचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं.

“भावजी, सुटला! मासळीच आहे म्हणून रिपोर्ट आला. माफी मागितली त्यांनी. उद्याच्या विमानाने येतोय.”

काळुरामने आनंदाने किंकाळी मारली. मग त्याने ती बातमी समितीला सांगितली आणि कार्यालयात सुतकी शांतता पसरली.

“एवढी काय घाई होती त्यांना?” गुणाजीशेठ म्हणाले. “इतके दिवस डांबला, आणखी थोडं थांबता येत नव्हतं?”

“पाहुण्यांची तारीख परत मिळणार नाही,” यज्ञेश म्हणाला. “टीशर्टचं काय? माणूस सुटला तर मुक्तीसाठी मोर्चा कसा काढणार?”

काळुरामने मान खाली घातली. पण मयूरसाठी हजारो लोक जमताहेत, हे दृश्य त्याने इतक्यांदा मनात पाहिलं होतं की ते त्याला सोडवेना. त्याने स्वतः दूतावासाला फोन लावला.

“साहेब, त्याला रविवारपर्यंत ठेवता येईल का?”

पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, “तुम्ही त्यांचे कोण?”

“जिवाभावाचा मित्र.”

“नाही ठेवता येणार,” अधिकारी म्हणाला. “त्यांचा काहीही गुन्हा नाही.”

अशा रीतीने परदेशाकडून सहकार्य न मिळाल्यामुळे समितीला ती जबाबदारी स्वतः उचलावी लागली. ‘मी घेऊन येतो’ असं करिश्माला सांगून काळुराम एकटाच विमानतळावर गेला. मयूर बाहेर आला, हाडकुळा, दाढी वाढलेला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मग गाडी कोलशेतला न जाता मानपाड्याला गेली. चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये काळुरामने त्याला बसवलं आणि सगळं समजावलं.

“रविवारपर्यंतच रे, मग वाजतगाजत स्टेजवर नेतो. तुझ्यासाठी अख्खं गाव रस्त्यावर येणारय. तुला काय असाच चोरासारखा मागच्या दाराने घरी नेऊ?”

“काळ्या, मला आईला बघायचंय.”

“आई रविवारी स्टेजवरच असेल. मस्त दिसेल तुला तिथे.”

“माझा फोन तिकडेच राहिला, करिश्माला तुझ्यावरून तरी लावून दे.”

“लोकेशन कळतं फोनवरून.”

“अरे, तिथे मला वकील भेटायला यायचा! इथे कोण येणार?”

“बिर्याणी येईल,” काळुराम म्हणाला. त्याने बाहेरून कडी घातली आणि जिन्यात थोडा वेळ बसून राहिला. करिश्माला त्याने सांगितलं की मयूर उतरलाय, पण उतरल्यानंतरची चौकशी म्हणून एक चौकशी असते, ती रविवारपर्यंत चालेल. करिश्माला ते खरं वाटलं. इतक्या कार्यालयांशी बोलल्यावर तिला आता कुठल्याही खात्याबद्दल काहीही खरं वाटत असे.

रविवार उजाडला. शेजारच्या फ्लॅटमध्ये माया कुलकर्णी नावाच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्या कुलूप लावून निघाल्या तेव्हा मयूरने आतून दार बडवलं. “बाई, ही कडी काढता का जरा?”

“कोण आहे आत? मला उशीर होतोय हो. मयूरच्या मोर्चाला निघालेय.”

“अहो बाई, मयूर मीच!”

“हो, हो,” बाई गहिवरून म्हणाल्या. “आज आपण सारेच मयूर आहोत.”

मयूरने दार बडवणं थांबवलं. मग म्हणाला, “मलाही मोर्चाला यायचंय.”

“मग आधी नाही का सांगायचं!” बाईंनी कडी काढली, पिशवीतून एक जादा टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली आणि ‘मी मयूर’ लिहिलेली बाजू नीट पुढे वळवली.

मैदान भरलं होतं. जिकडे पाहावं तिकडे मयूर. मयूर भेळ खात होते, मयूर रील काढत होते. तो वाट काढत स्टेजकडे निघाला आणि ओरडू लागला, “मी मयूर! अरे, मी मयूर!” भोवतालच्यांनी लगेच जोर धरला. “मी मयूर! मी मयूर!” तो जितक्या कळवळून सांगे, तितकी घोषणा चढत जाई. स्टेजच्या पायऱ्यांवर एका कार्यकर्त्याने त्याच्या छातीवर हात ठेवला.

“मी मयूर आहे.”

“भावा, इथे सगळेच आहेत. व्हीआयपी मयूरचा पास आहे का?”

तेवढ्यात स्टेजवरच्या गोदाबाई उठल्या. गळ्यातला हार काढून त्यांनी पाहुण्यांच्या मांडीवर टाकला आणि त्या तरातरा पायऱ्या उतरल्या. “बाजूला हो मेल्या, माजा पोर हाय तो!” त्यांनी मयूरचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “कवरा सुकलास रं! जेवलास का?” करिश्मा मागून धावत आली. ती त्याचा हात घट्ट पकडून राहिली.

गुणाजीशेठनी माइक सोडला नव्हता. “बंधू-भगिनींनो! आपल्या आवाजाने परदेशी तुरुंगाच्या भिंती कोसळल्या! आत्ता, या क्षणी, मयूर मुक्त झाला आहे!”

मैदान दणाणलं. फटाके लागले. मयूरने माइक घेतला आणि खरं ते सांगितलं: तिकडच्यांनी माफी मागून सोडलं होतं, त्यानंतर तो मानपाड्यात कोंडलेला होता.

फटाके थांबले. मग मागून कुणीतरी रागाने ओरडलं, “म्हणजे आम्हाला उन्हात उगाच आणलं?” पुष्कळांना ते पटलं. ज्या माणसासाठी आलो तो आधीच सुटलेला असावा, ही शुद्ध फसवणूक होती. मयूरच्या निषेधाच्या घोषणा सुरू झाल्या.

करिश्मा काळुरामसमोर येऊन उभी राहिली. “भावजी, तुम्ही त्याच्यासाठी भांडत होता, की त्याच्याशी?”

काळुरामने गाडीची किल्ली काढली. त्याने आपल्या गाडीतून तिघांना कोलशेतला सोडलं. घरापाशी उतरताना मयूर म्हणाला, “बिर्याणी बरी होती.” काळुराम स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. पुढे बरेच महिने मयूरने त्याचा फोन घेतला नाही. मग एकदा काळुरामच्या फ्लॅटचा एसी बिघडला तेव्हा घेतला.

मयूरने खरं सांगितलं तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही. हजारो टोप्या ‘मी मयूर’ म्हणून एकदम उसळतात, तो मात्र घरोघरी पोहोचला. तुम्हालाही आला होता. तुम्ही तो तीन ग्रुपवर पुढे पाठवला, खाली रडकी बाहुली आणि जोडलेले हात टाकले आणि चहा घेतला. तो माणूस सुटला की नाही, हे तुम्हाला आत्ता, ही गोष्ट वाचून कळलं.