मुख्य घराची पडताळणी

आम्ही दोघा भावांनी वडिलांची वाटणी केली आहे, असं आमचे काही नातेवाईक म्हणतात. ही भाषा चुकीची आहे. वाटणी मालमत्तेची होते. अप्पांची आम्ही व्यवस्था केली आहे. एक ते पंधरा तारखेपर्यंत ते माझ्याकडे असतात आणि सोळापासून महिनाअखेरपर्यंत धाकट्याकडे. एकतीस दिवसांच्या महिन्यात त्याला एक दिवस जास्त पडतो, हे त्याने पहिल्याच वर्षी माझ्या नजरेस आणून दिलं, तेव्हा वर्षातल्या सात जादा दिवसांपैकी चार मी मोठ्या मनाने माझ्याकडे घेतले. फेब्रुवारीत त्याचे दोन दिवस वाचतात, याबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. थोरल्याला बरंच काही गिळावं लागतं.

मी रहिवासी दाखले देणाऱ्या कार्यालयात कक्षप्रमुख आहे. माणूस कुठे राहतो हे त्याच्या सांगण्यावरून ठरत नसतं, हे मी तेवीस वर्षं खिडकीबाहेरच्या लोकांना समजावतो आहे. अप्पा एका कारखान्यात हजेरी कारकून होते. चौतीस वर्षांत त्यांनी आलेल्या माणसाचा खाडा मांडला नाही आणि न आलेल्याला हजर दाखवलं नाही, त्यामुळे त्यांना मित्र फारसे नाहीत. त्यांचा वेळ जावा म्हणून धाकट्याने त्यांना टॅबलेट घेऊन दिला आणि मी त्यात माझं मालिका-सिनेमांचं खातं सुरू करून दिलं. आम्हा दोघांचंही कर्तव्य अशा रीतीने एका नऊ इंची उपकरणात बसलं.

खातं चार पडद्यांवर चालायचं. दिवाणखान्यातला टीव्ही माझा, फोनवर बायको, दुसऱ्या फोनवर लेक आणि टॅबलेटवर अप्पा. कोणाची कोणाला अडचण नव्हती. आमच्या घरात रिमोटवरून भांडण झाल्याला सात वर्षं होऊन गेली आहेत. सुखी कुटुंबाची माझी व्याख्या हीच होती.

एका सोमवारी सकाळी अप्पा टॅबलेट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"माझं बंद पडलं," ते म्हणाले.

"चार्जिंग बघा."

"चार्जिंग भरपूर आहे. म्हणतंय, मी तुमच्या घरातला नाही."

पडद्यावर खरोखरच तसं लिहिलं होतं. हे उपकरण आपल्या मुख्य घराचं दिसत नाही, कृपया पडताळणी करावी. दीपगृहावर राहणाऱ्या एका डॉक्टरणीच्या मालिकेत अप्पा दोनशे अठराव्या भागापर्यंत पोचले होते, आणि डॉक्टरीण नेमकी जिन्यात अडकली होती.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली. आमच्या कार्यालयात असं बोलायला बंदी नाही, पण पद्धत नाही.

"सर, जिथे तुमचा टीव्ही आहे ते मुख्य घर. टॅबलेट त्या घरातला असेल तर महिन्यातून एकदा तरी त्याच्यावर त्या घरात काहीतरी पाहिलं गेलं पाहिजे."

"अहो, अप्पा पंधरा दिवस इथेच असतात. टॅबलेट रात्रभर माझ्या वायफायवर असतो."

"हो सर, ते दिसतंय. रात्री साडेनऊपासून सकाळी सातपर्यंत तो तुमच्याकडे चार्जिंगला असतो. पण सर, चार्जिंग हा निवासाचा पुरावा धरत नाहीत."

हे वाक्य मला आवडलं. माझ्या कक्षाच्या भिंतीवर लावण्यासारखं होतं. मग ते अप्पांबद्दल आहे हे लक्षात आलं आणि आवडेनासं झालं.

मी धाकट्याला फोन केला. तो घाईघाईने म्हणाला, "दादा, मुख्य घर तुझंच लिही. मुख्य म्हटलं की थोरल्याचंच असतं ना. माझं आपलं दुय्यम." पंधरा मिनिटांनी त्याच्या बायकोचाही निरोप आला की भावोजींचा मान आम्ही कधीच डावलणार नाही. इतका मान मला या घराण्यात पूर्वी कधी मिळाला नव्हता.

मी अप्पांच्या नावाने रहिवासी दाखला काढला आणि कंपनीला पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आलं की दाखला देणारा, दाखल्यासाठी अर्ज करणारा आणि शिफारस करणारा ही एकच व्यक्ती दिसते. तरीही ग्राहकाच्या भावनांचा आदर म्हणून कंपनी टॅबलेटच्या मागच्या सहा महिन्यांच्या वापरावरून खरं मुख्य घर शोधून देत आहे. खाली निकाल होता.

दर्शकाचं मुख्य घर: बाजारपेठ, गाळा क्रमांक सात. घरातल्या व्यक्ती: तीन. एकत्र पाहिलेले दिवस: एकशे चौसष्ट.

गाळा क्रमांक सात हे आल्टरेशनचं दुकान आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कमरेला सैल करणं अशी कामं तिथे होतात. माझ्या घरापासून आणि धाकट्याच्या घरापासून ते बरोबर सारख्याच अंतरावर आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

संध्याकाळी पाचला मी तिथे गेलो. दुकान आठ बाय दहाचं. शिवणयंत्रावर वाकलेला एक पन्नाशीचा शिंपी, त्याच्यासमोर खाली बसून काजं करणाऱ्या एक बाई, आणि दोघांच्या मध्ये स्टुलावर आमचे अप्पा. रिळांच्या खोक्याला टेकून टॅबलेट उभा होता. शिंप्याच्या फोन नंबरवर नवं खातं काढून तिघांनी त्याच टॅबलेटवर मालिका पुन्हा सुरू केली होती. गंमत म्हणजे त्या दोघांपैकी पडद्याकडे कोणीच पाहत नव्हतं. त्यांचे डोळे सुईवर होते. पाहत होते फक्त अप्पा, आणि जे दिसेल ते सांगत होते.

"आता ती वर निघाली. हातात कंदील आहे."

"कुठल्या जिन्याने?" शिंप्याने विचारलं.

"समुद्राकडच्या."

"तो तर मोडलाय ना हो?" काजवाल्या बाई काळजीने म्हणाल्या.

"तेच तर. तिला कोणी सांगितलेलं नाही."

मी दारात उभा होतो. अप्पा एवढं बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे ते पंधरा दिवसांत साधारण चाळीस शब्द बोलतात, त्यातले निम्मे औषधांची नावं असतात.

शिंप्याने मान वर न करता मला विचारलं, "द्यायचंय की न्यायचंय?"

"हा माझा थोरला," अप्पा म्हणाले.

बाईंनी मात्र वर पाहिलं. "दाखल्यांच्या ऑफिसातले ना? चार खेपा झाल्या माझ्या. तुम्ही म्हणालात, राहता म्हणता, पण राहता कशावरून."

मी तो विषय वाढवला नाही. अप्पांना बाहेर बोलावून विचारलं, की कंपनीला ही माहिती दिली कोणी. ते म्हणाले, रोज मालिका सुरू करताना तो टॅबलेट विचारतो, आत्ता कोण कोण पाहत आहे. खाली नावं टाकायला जागा असते. जगात आजवर कोणी ती जागा भरली नसावी. अप्पांनी रोज भरली होती. तीन नावं, तीन खुणा. एका दिवशी बाई आजारी होत्या, तर त्यांची खूण नव्हती. शिवाय शेरा होता: ताप.

"पण ही माणसं आपल्या घरातली आहेत का, अप्पा?"

"ते मला कुठे विचारलं होतं? हजर कोण, एवढंच विचारलं. जे होते ते मांडले."

"आणि माझ्याकडे असताना का नाही पाहत?"

"पाहायचो की सुरुवातीला. नावं मांडायची वेळ आली की एकच खूण व्हायची. चौतीस वर्षांत एका माणसाची पाळी मी कधी मांडली नव्हती. बरं वाटेना."

मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की मला राग आला आहे.

मी कंपनीकडे अपील केलं. एका शिंप्याच्या गाळ्याला घर ठरवणारी यंत्रणा माझ्या तीन खोल्यांच्या, नोंदणीकृत, कायदेशीर घराची एकदा तपासणी तरी करू दे, अशी मी मागणी केली. आता धाकटाही जागा झाला. गाळ्याला मान मिळतो म्हटल्यावर त्याला दुय्यम राहवेना. त्यानेही अर्ज ठोकला. दोन्ही भाऊ वडिलांसाठी भांडत आहेत, हे दृश्य आमच्या नातेवाइकांनी प्रथमच पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

कंपनीने अपील दाखल करून घेतलं आणि एकतीस दिवसांची निरीक्षणाची मुदत दिली.

मी घरात परिपत्रक काढलं. रोज रात्री आठ ते नऊ सर्वांनी दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसावं. बायको म्हणाली, "काय पाहायचं?" पहिले चार दिवस त्या प्रश्नाच्या चर्चेत गेले. मला बातम्यांवरचा वाद हवा होता, बायकोला खुनाचा तपास, आणि लेकीला परक्या भाषेतलं काहीतरी, ज्यात माणसं बराच वेळ एकमेकांकडे नुसती बघतात. पाचव्या दिवशी मी निवड रद्द केली आणि जे लागेल ते लावलं. तिघेही बसलो; अप्पा त्या वेळी गाळ्यातच असायचे. टीव्हीने विचारलं, कोण कोण पाहत आहे. मी तिन्ही नावांवर खुणा केल्या.

"बाबा, तुम्ही खुणा केल्यात, पण बघतंय कोण?" लेक म्हणाली. तिच्या एका कानात इयरफोन होता. बायकोने फोन उशीला टेकवून ठेवला होता आणि तिच्या खुनाचा तपास आवाज बंद करून पुढे चालू होता.

"निदान मान तरी टीव्हीकडे ठेवा," मी म्हणालो आणि कार्यालयातून आलेला निरोप वाचायला माझा फोन उघडला. तो वाचता वाचता मी एक सिनेमा निम्मा पाहिला.

बत्तिसाव्या दिवशी अहवाल आला. मी तो कार्यालयात, दार लावून वाचला.

सदर पत्त्यावर तीन दर्शक व चार पडदे आढळले. मुख्य पडद्यावर सत्तावीस दिवस तिन्ही दर्शक हजर दाखवले आहेत, परंतु त्याच वेळी त्याच खोलीतून अन्य तीन पडद्यांवर तीन वेगवेगळे कार्यक्रम चालू होते. एकत्र पाहण्याचा एकूण काळ अकरा मिनिटं. त्या अवधीत इंटरनेट बंद होतं व मुख्य पडद्यावर केवळ 'प्रतीक्षा करा' हा संदेश होता. निष्कर्ष: पत्ता आढळला. घर आढळलं नाही.

धाकट्याचा अहवाल एका ओळीने लहान होता. त्याच्याकडे इंटरनेटही बंद पडलं नव्हतं.

मी हेल्पलाइनच्या मुलीवर चिडलो. "अहो, आम्ही एका छपराखाली राहतो. लग्नाला बावीस वर्षं झालीत. मी तुम्हाला कागद दाखवतो."

"कागद नको, सर," ती हळुवारपणे म्हणाली. "खरं सांगू का, तुमच्यासारखी कुटुंबं खूप आहेत. तुम्हाला तीन स्वतंत्र एकटे दर्शक म्हणून नोंदवता येईल. नाहीतर एखाद्या मान्य घरात सदस्य म्हणून अर्ज करा. जवळच्या नात्यातलं कोणी आहे का, ज्यांचं घर मान्य झालंय?"

नात्यातलं मान्य घर एकच होतं.

मी अर्ज केला. त्याच संध्याकाळी अप्पांच्या टॅबलेटवर माझा फोटो आला आणि खाली प्रश्न आला: ही व्यक्ती आपल्या घरातली आहे का? मी मुद्दाम तेव्हा गाळ्यात हजर राहिलो. शिंप्याने यंत्र थांबवलं. बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. अप्पांनी चष्मा पुसला, फोटो पाहिला, मग मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं. राग असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो. ते फक्त आठवत होते, खूप मागचं काहीतरी, आणि त्यांचं बोट 'हो' आणि 'नाही' यांच्या बरोबर मधोमध थांबलं होतं. अजून ते तिथेच आहे. माझ्या खात्यावर 'निर्णय प्रलंबित' असं लिहून येतं. धाकट्याचा अर्ज माझ्या मागे आहे.

तुम्हाला हे वाचून हसू आलं असेल तर हरकत नाही, मलाही खिडकीच्या आतून तेवीस वर्षं येत होतं. फक्त एवढं लक्षात असू द्या, की कंपनी आता ही योजना सगळीकडे लागू करते आहे. तुम्हाला काही करावं लागणार नाही. कागद लागत नाहीत. तुमचा फोटो आपोआप तुमच्याच माणसाच्या पडद्यावर जाईल, आणि तोच प्रश्न त्याला विचारला जाईल. उत्तर यायला फार वेळ लागला, तर इंटरनेटला दोष देऊ नका.