वाचवलेलं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या घरात एक मंत्री राहतो. त्याला गाडी नाही, शिपाई नाही. तो सहावीत शिकतो, दोन वेण्या घालतो आणि तुम्ही नळ सोडून दात घासायला लागलात की नेमका मागे येऊन उभा राहतो. दिसला? आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

तर अशी एक मुलगी होती. घरात तिला सगळे जलमंत्री म्हणत. शाळेत कुणी पाहुण्या बाई येऊन पाण्यावर बोलून गेल्या आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद लागला : ‘या घरात एक थेंबही मोरीत जाणार नाही.’ नियम मोडणाऱ्याला शिक्षा एकच. रात्री जेवताना जलमंत्र्यांचं भाषण ऐकायचं. एकदा बाबांनी दाढीचं पाणी बेसिनमध्ये ओतलं, तेव्हा ते भाषण ताटातलं सगळं थंडगार होईपर्यंत चाललं होतं.

“अगं, अर्धा मग तर होतं!” बाबा म्हणाले.

“अर्ध्या अर्ध्या मगानंच नद्या आटतात, बाबा.”

बाबांनी काकाकडे पाहिलं. काका एका वह्या-पेनांच्या दुकानात कामाला होता आणि घरात सगळ्यात भित्रा होता. तो मान खाली घालून जेवत राहिला.

याच दिवसांत आत्याचा पाय मोडला आणि आजी महिनाभर तिच्याकडे राहायला निघाली. जाताना तिनं नातीचा हात धरून तिला गॅलरीत नेलं. तिथं बेसिनच्या शेजारी एक मोठी कुंडी होती आणि कुंडीत लिंबाचं झाड.

हे झाड साधंसुधं नव्हतं बरं का. आजोबा आजारी होते तेव्हा आजी त्यांना लिंबाचं सरबत द्यायची. आजोबांना आंबट अजिबात आवडत नसे. ते तोंड वाकडं करून प्यायचे आणि आजीला चिडवायला म्हणून बी थेट समोरच्या कुंडीत थुंकायचे. आजोबा गेले आणि काही दिवसांनी कुंडीत दोन पानं दिसली. त्याला आता सात वर्षं झाली होती. आणि या वर्षी पहिल्यांदाच झाडावर कळ्या आल्या होत्या.

“पाणी रोज नको हं,” आजी म्हणाली. “आधी मातीत बोट घालून बघायचं. कोरडं लागलं तरच द्यायचं.”

“आजी, पाण्याचं तू मला सांगतेस?” जलमंत्री हसली.

“तेही खरंच,” म्हणत आजी गेली.

पहिल्याच दिवशी मुलीनं कुंडीला पाणी घातलं आणि तिला धक्का बसला. कुंडीच्या बुडाला भोक होतं आणि त्यातून चक्क पाणी गळत होतं! जलमंत्र्यांच्या घरात गळती? तिनं शाळेच्या पेटीतली चिकणमाती आणली, बाबांना कुंडी तिरकी धरायला लावली आणि ते भोक ठासून बंद केलं. वर चिकटपट्टीही लावली.

“थेंबसुद्धा बाहेर येणार नाही आता,” ती हात झटकत म्हणाली. मातीत बोट मात्र तिनं घातलं नाही. नखं काळी होतात ना.

इकडे घरातल्या माणसांना एक युक्ती सापडली. भाषण टाळायचं असेल तर पाणी मोरीत न ओतता बेसिनशेजारच्या कुंडीत ओतावं. बाबा दाढीचा मग तिथं रिकामा करू लागले. आई भाज्या धुतलेलं पाणी तिथं घालू लागली. काकाची पाण्याची बाटली रोज अर्धी उरायची, तीही त्याच कुंडीत जाई. आणि प्रत्येकाला वाटायचं, हे आपण एकटेच करतोय.

आठवड्याभरात पानं पिवळी पडली.

“उन्हानं सुकतंय बिचारं,” आई म्हणाली आणि तिनं गुपचूप एक तांब्या जास्त घातला.

“तहानलंय,” बाबा मनाशी म्हणाले आणि त्यांनीही घातला.

पानं गळू लागली तेव्हा मुलीनं सगळ्यांना गॅलरीत उभं केलं. “खरं सांगा, कुणी काही केलंय का झाडाला?”

“छे!” बाबा म्हणाले.

“मी तर फिरकतच नाही इकडं,” आई म्हणाली.

“झाड? कुठलं झाड?” काका म्हणाला.

मग एके सकाळी सगळ्या कळ्या मातीवर पडलेल्या दिसल्या आणि त्याच दुपारी आजीचा फोन आला, ‘उद्या येते.’ मुलगी रडायला लागली. तिचं रडणं काकाला बघवेना. त्यानं दुकानातून पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि त्यातल्या त्यात हिरवी पानं निवडून एकेक फांदीला चिकटवली. लांबून बघितलं तर झाड बरं दिसत होतं. फार लांबून.

आजी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी ती गॅलरीत गेली. तिनं मायेनं एका पानाला हात लावला, तर पान पट्टीसकट तिच्या बोटाला चिकटून आलं. तिनं काकाकडे पाहिलं.

“दुकान कसं चाललंय रे?” तिनं विचारलं.

काकानं खिशातली चिकटपट्टी आणखी आत ढकलली.

आजीनं मातीत बोट घातलं. बोट चिखलात रुतलं आणि कुजका वास आला. तिनं कुंडी तिरकी करून बुडाला चाचपलं, मातीचा गोळा उपटला, तसं काळं पाणी भळाभळा तिच्या पायांवर आलं. त्यावर दाढीच्या साबणाचा फेस तरंगत होता.

“मी... फक्त दाढीचं,” बाबा पुटपुटले.

“मी भाज्यांचं,” आई म्हणाली.

“बाटलीतलं,” काका म्हणाला. “थोडंसंच.”

“आणि भोक मी बुजवलं,” मुलगी म्हणाली. “पाणी वाया जात होतं म्हणून.”

आजी पाटावर बसली. तिनं मातीवर पडलेल्या कळ्या एकेक करून ओंजळीत गोळा केल्या. “पाण्यावाचून मेलेली झाडं खूप पाहिली,” ती म्हणाली. “पाणी वाचवून मेलेलं हे पहिलंच.”

बाबांना हसू आलं, पण आजीचे डोळे भरलेले दिसले तसं ते हसू तिथंच विरलं.

“रागाव ना आजी,” मुलगी म्हणाली.

“रागावून मुळं फुटत असती तर घर डोक्यावर घेतलं असतं गं.”

“दुसरं लावू या?”

“लावू की. पण त्याची बी तुझ्या आजोबांनी थुंकलेली नसेल.”

त्या रात्री जेवताना भाषण झालं नाही. बाबांनी ताटाजवळचा पेला तळापर्यंत पिऊन टाकला, न जाणो काही उरलं तर!

सकाळी स्वयंपाकघरात भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठलं होतं. आई बादली घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत गेली, झाड काढून टाकलेल्या रिकाम्या कुंडीकडे पाहून तशीच थांबली आणि परत फिरली. मुलीनं तिच्या हातातून बादली घेतली आणि ती जिना उतरली. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला धुळीनं माखलेलं एक झाड होतं. शाळेत जाताना ती रोज त्याच्या शेजारूनच जायची, पण त्याला पाणी कोण घालतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं बादली बाजूला ठेवली. गुडघे टेकले. आणि आधी मातीत बोट घातलं.