निवट्याचा दिवस

हे कुणाला सांगायचं नाही असं फादर कोरियांनी मला बजावलं आहे, कारण मग खेकडेही येतील. पण झालं ते असं, की उपवासकाळाच्या तिसऱ्या शुक्रवारी एक निवटा आमच्या चर्चच्या कार्यालयात आला आणि आपली नोंद पाचव्या दिवसातून काढून सहाव्या दिवसात करावी, असा अर्ज त्याने केला.

निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, डोळे वर आलेला छोटा मासा. बायबलात आहे, जग घडवताना देवाने मासे आणि पाखरं पाचव्या दिवशी केली आणि जमिनीवर रांगणारे प्राणी सहाव्या दिवशी. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही मटण खात नाही, मासे खातो. त्यामुळे कोण कुठल्या दिवसाचा, याला आमच्या गावात महत्त्व आहे.

माझं अक्षर बरं आहे म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर मी कार्यालयात नोंदी उतरवते. तिथे बोलावं लागत नाही. निवटा पुढच्या दोन पंखांवर रेटत टेबलापर्यंत आला. मी खुर्चीवर ओलं फडकं घालून त्याला वर बसवलं.

"अर्जाचं कारण?" फादरांनी विचारलं.

"बिळात अंडी आहेत," निवटा म्हणाला. "आत पाणी असतं, पण अंड्यांना वारा लागतो. तो मी तोंडात भरून नेतो. आज सकाळी मला धरलं. चार वाजता भरतीचं पाणी बिळावर येईल. त्याआधी वारा भरला नाही, तर अंडी गुदमरतील."

"सुटलास ना? मग जा की घरी," रुमाव मास्तर म्हणाले. ते आम्हाला धर्मशिक्षण देतात आणि कार्यालयाचा शिक्का त्यांच्याकडे असतो.

"वाटेत पुन्हा धरतील. शुक्रवार आहे."

मास्तरांनी त्याला नीट न्याहाळलं. "शेपूट आहे. कल्ले आहेत. पाचवा दिवस. विषय संपला."

"मी रांगतो."

"रांगतोस, पण माशासारखा."

इतक्यात माझी आई बादलीचं झाकण हातात घेऊन दारात आली. "फादर, माझा एक निवटा इकडे आलाय काय? बारा घेतले होते, अकराच भरतात." मग तिला खुर्ची दिसली. "हा बघा, बसलाय कसा जावयासारखा! चल रे, मसाला वाटून झालाय."

"सिसिलबाय, त्याचा सहाव्या दिवसात जायचा अर्ज चालू आहे," फादर म्हणाले.

"कसला अर्ज? आणि दिवसाचंच म्हणाल, तर कोंबडीही पाचव्या दिवसाची. ती का नाही चालत शुक्रवारी?"

"कोंबड्यांचा अर्ज जुना आहे. मंजूर झालेला." फादरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मंजूर झालेल्या गोष्टीपुढे आई बोलत नाही.

फादर निवट्याकडे वाकले. "तुला घडवलं तेव्हाचं काही आठवतं?"

"संध्याकाळ होती," निवटा म्हणाला. "कल्ले झाले होते, शेपूट झालं होतं. मग परमेश्वराने मला चिखलावर ठेवलं, जरा लांबून बघितलं आणि पुढचे पंख हातांसारखे वळवले. त्याला घाई नव्हती. म्हणाला, ह्याला दोन्हीकडे जाऊ दे."

मास्तरांनी चष्मा पुसला.

"संध्याकाळ कितव्या दिवसाची?" त्यांनी विचारलं.

"पाचव्या." निवटा खोटं बोलला नाही.

मास्तरांनी नामंजुरीचा शिक्का उचलला. घड्याळात साडेतीन वाजले होते. निवट्याची पाठ सुकून पांढुरकी दिसायला लागली होती. मी पेन खाली ठेवलं. माझे कान तापले.

"फादर, शनिवारी संध्याकाळची मिस्साची प्रार्थना आपण रविवारची धरतो ना?"

आईने दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. माझा आवाज तिथे कुणी ऐकलेला नव्हता.

"धरतो," मास्तर नाइलाजाने म्हणाले.

"म्हणजे पाचव्याची संध्याकाळ सहाव्याची धरावी लागेल," फादर म्हणाले आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "लिही, ब्लेझी. दिवस सहावा."

मी लिहिलं. मास्तरांनी दुसरा शिक्का शोधून मारला, जरा जोरातच.

"मग घरचे अकरा?" आईने विचारलं.

"तेही सहाव्याचे."

"आणि जेवायला काय घालू?"

"बटाटे," फादर म्हणाले.

आई पुटपुटत बादली घेऊन आली, मी निवट्याला ओंजळीत घेतलं, आणि आम्ही खाडीच्या बांधावर गेलो. तिथे त्याने गाल फुगवले, बिळात गेला, रिकाम्या तोंडाने वर आला, पुन्हा गेला. बाकीचे अकरा आपापल्या बिळांकडे पळाले. पाणी चिखलावरून हळूहळू पुढे सरकत होतं.

"भर रे, भर, आलं पाणी!" आई ओरडली. झाकण अजून तिच्या हातात होतं.

एकोणीस वेळा भरून झाल्यावर तो विसाव्यांदा आत गेला, आणि मग पाणी बिळावरून गेलं. आईने क्रूसाची खूण केली.

त्याला आठवडा झाला, आज शाळेतून येताना मी बांधावर थांबले. ओहोटी होती. बिळाच्या तोंडाशी तांदळाएवढी पिल्लं रांगत वर येत होती आणि निवटा बाजूला बसून होता. मी मोजायला लागले. तेवीस झाली. चोविसाव्याने चिखलावर येऊन तोंड उघडलं, आयुष्यातला पहिला वारा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट आवाजात मला— आई हाक मारतेय, बटाटे सोलायला, मी आलेच, तर ते मला म्हणालं, "आमचीही नोंद सहाव्यातच केलीस ना?"