रडारवरचं लिंबू

"आबा, हात नका लावू. लेप खरवडेल!" नातू महेश ओरडला तसा नाथाबाबांनी हात मागे घेतला. टेबलावर कावळ्याएवढं काळंभोर ड्रोन बसलं होतं.

"करतं काय हे?"

"लष्करासाठी आहे. टेहळणी करून येतं, पण शत्रूच्या रडारला दिसत नाही. धातू होईल तेवढा कमी केलाय, आणि हा लेप रडारच्या लहरी पिऊन टाकतो."

"मंग तुझ्यावानीच हाय की. तूबी दोन वर्सं देवळ्यात कुनाला दिसला नाय."

महेश हसला, पण मान खालीच. बाबा गावाहून, देवळ्याहून, शहरात इंदिरानगरला आले होते ते त्याला न्यायलाच. उद्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन. सातव्या वर्षापासून महेश त्यांच्या डाव्या हाताला टाळ घेऊन उभा राहायचा. दोन वर्षं ती जागा रिकामी होती. कुणी तिथे सरकलं की बाबा म्हणत, "जरा थांबा, येतोय त्यो."

"आज चाचणी आहे, आबा. जमली तर उद्या अहवाल लिहायचा. फसली तर मात्र लेप तपासून येईपर्यंत चार दिवस मोकळाच."

बाबा त्याच्यासोबत मैदानावर गेले. नवं यंत्र नारळाशिवाय हलेल कसं? महेशचे वरिष्ठ यादवसाहेब, त्यांनी मान बाबांनाच दिला. बाबांनी नारळ वाढवला, कुंकू लावलं, आणि सगळे खोबऱ्यामागे असताना ड्रोनच्या पोटातल्या खोबणीत नाक्यावरून घेतलेली लिंबू-मिरची हळूच खोचली. एवढं देखणं लेकरू उघड्या आभाळात जाणार, दृष्ट नको लागायला!

ड्रोन उडालं. रडारपाशी बसलेली हर्षाली म्हणाली, "सर, दिसतंय."

"पक्षी असेल."

"पक्षी असा चौकोनात फिरतो का, सर?"

उतरवलं, पुसलं, पुन्हा उडवलं. ठिपका ढळला नाही. यादवसाहेबांनी चष्मा काढला. "लेप फसला. आवरा सामान."

बाबांच्या काळजात टाळ वाजले. चार दिवस! उद्याचा काला! पांडुरंगच पावला! मग त्यांनी महेशकडे पाहिलं. लहानपणी भर कीर्तनात ठेका चुकला की व्हायचं, अगदी तसंच तोंड झालं होतं पोराचं. आठ महिने राबला होता.

"सायेब," बाबा घसा खाकरत म्हणाले, "लेपाला बोल लावू नका. त्याच्या पोटात लिंबू हाय. तारंत ववलेलं."

तार निघाली. ड्रोन तिसऱ्यांदा उडालं, आणि हर्षालीचा पडदा कोरा राहिला. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या, आणि दुपारच्या एसटीने ते एकटेच देवळ्याला परतले.

दुसऱ्या दिवशी कीर्तनकार बुवांनी गोपींचा विरह असा आळवला की बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या. एवढ्यात डाव्या बाजूला एक टाळ मिसळला. अर्धी मात्रा मागे, नेहमीसारखा. बाबांनी डोळे उघडलेच नाहीत. न जाणो, भास असला तर?

कीर्तन संपल्यावर त्या टाळकऱ्याने खिशातून पिशवी काढली. आत सुकत आलेलं लिंबू, तीन मिरच्या, तार.

"आबा, इथे सही करा. यंत्रात परकी वस्तू सापडली तर ती मालकाच्या हातात देऊन पोच आणायची, असा नियम आहे म्हणे. यादवसाहेब म्हणाले, अहवाल राहू दे, आधी हे काम कर."

"असा नियम हाय?"

"मी तरी कालच ऐकला."

बाबांनी सावकाश, अक्षर अक्षर लावून सही केली. मग काल्याचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवत विचारलं, "पुढली चाचणी कधी रं?"

"दिवाळीनंतर. का?"

"काय नाय. तार जरा जाड बघतो."