बापूसाहेब रणपिसे आणि माझा समुद्र

बापूसाहेब रणपिश्यांनी मला फसवलं. माझा समुद्र माझ्याच तोंडून काढून घेतला आणि स्वतःच्या नावानं इंदूरच्या अकरा पेन्शनरांना वाटून टाकला.

चाळीस वर्षं मी लाकडाची वखार चालवतोय. सागवान म्हणून भलतंच लाकूड गळ्यात मारायला आलेली माणसं मी फाटकातूनच परत पाठवली आहेत. नुसत्या वासावरून सांगतो मी, ओंडका कुठल्या जंगलातला ते. अशा माणसाला एका निवृत्त नकाशेवाल्यानं सकाळच्या पोह्यांवर बसून लुटावं आणि त्याला पत्ता लागू नये, हे माझ्या जिवाला लागलं आहे.

बापूसाहेब जुन्या संस्थानाच्या मोजणी कचेरीत नकाशे उतरवायचे. आडनाव रणपिसे, पूर्वज घोड्यावरचे, आणि हे स्वतः इतके काटकुळे की टेबलफॅनसमोर बसत नाहीत. संस्थान गेलं, पुढे मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. बापूसाहेबांची बदलीही तिकडे निघाली. त्यांनी मुदतीआधीच पेन्शन घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "भोपाळचा नकाशा मला वेडावाकडा वाटतो. नोंद असू द्या."

कचेरी सुटली, पण नकाशा सुटला नाही. उजवं-डावं हे शब्द त्यांनी तोंडातून हद्दपार केले आहेत. अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या पोहेवाल्याकडे आम्ही बसलो की म्हणणार, "मास्तर, तुमच्या नैर्ऋत्येला जलेबी आहे, जरा इकडे सरकवा." जोगळेकर मास्तर बिचारे आधी सूर्य शोधणार, मग जलेबी. पोहेवालाही आता शिकला आहे. "बाबूजी, ईशान्य में सेव डालूँ क्या?" म्हणून विचारतो.

या मंडळात सगळे सरकारी पेन्शनवाले. मी एकटा वखारवाला. मला कोणी निवृत्त केलं नाही, निरोपाचा हार घातला नाही, महिन्याच्या एक तारखेला मी कुठे सही करायला जात नाही. ते आपसात साहेबांच्या गोष्टी काढतात, कोणाची फाईल कशी अडली वगैरे, आणि मी पोहे खातो. माझ्याजवळ त्यांच्यात कोणाकडे नाही अशी एकच गोष्ट होती. मी समुद्राकाठी जन्मलो. चौदाव्या वर्षी तिथून निघालो, आई-बाप आधीच गेले होते, परत जायला कोणी उरलं नाही. पण मी समुद्र पाहिला होता. यांच्यातल्या बहुतेकांनी देपालपूरकडच्या तलावाच्या पुढे पाणी पाहिलेलं नाही, आणि बापूसाहेबांनी तर तोही लांबूनच.

दोन हिवाळे त्यांनी मला समुद्राबद्दल विचारलं. "मयेकरशेठ, कड्यावरून वाट जाते म्हणता, ती किती रुंद? दोन माणसं शेजारी चालतील? विहिरीपासून उंडीचं झाड किती पावलं? चढ कुठे लागतो? म्हातारा माणूस टेकेल असा दगड कुठे आहे?" मी सांगत गेलो. जांभ्या दगडाची वाट, करवंदीच्या जाळ्या, खाली आपटणारं पाणी, सगळं सांगितलं. कोणीतरी माझं ऐकतंय याचंच मला अप्रूप. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की मी लगेच सावध होतो. इथे नाही झालो.

एका सकाळी त्यांनी बाकावर मेणकापडाची सुरळी उलगडली. वर सुंदर अक्षरात लिहिलेलं: निवृत्तांसाठी समुद्रकड्यावरची सावकाश सहल. खाली माझं गाव. माझी विहीर, माझं उंडीचं झाड, माझी वाट, आणि कडेनं निळी शाई.

"क्या बात है, बापूसाहेब!" मास्तर ओरडले. "काय डोकं आहे!"

"अहो, हे माझं गाव आहे," मी म्हणालो.

"गाव तुमचं असेल, शेठ," मास्तर म्हणाले, "योजना बापूसाहेबांची आहे."

रेल्वेनं मुंबई, पुढे बोट, मग हा कडा. सगळं ठरलं. सगळ्यांच्या तोंडी बापूसाहेब. माझ्याकडे काम काय आलं, तर बिछाने कोणी किती आणायचे ते बघणं.

मी नकाशावर बोट ठेवलं. "दोन मैलांत अकरा विश्रांती? पाच पुरेत."

"अकरा," बापूसाहेब म्हणाले.

"सात. शेवटचा शब्द."

"शेठ, गुडघे घासाघीस करून बरे होत नाहीत. नोंद असू द्या."

अकरा म्हातारे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो.

मग सुरू झाली तालीम. दर रविवारी बिजासनच्या टेकडीवर. टेकडीची पश्चिम कड म्हणजे समुद्र. सगळ्यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालायचं, छत्री पूर्वेच्या हातात. रेल्वेतले निवृत्त गार्ड सदूभाऊ मागे हिरवं निशाण घेऊन. पुढे अर्थातच बापूसाहेब. एकदा खालून एक माणूस बकऱ्या घेऊन वर आला.

"अरे भिया, समुद्रातून बकऱ्या काढ आधी!" बापूसाहेब कडाडले.

तो चारी दिशांना बघून म्हणाला, "बाबूजी, कौन सा समंदर?"

"अरबी!" मास्तरांनी छत्रीनं दाखवलं.

तो माणूस हात जोडून बकऱ्यांसकट बाजूला झाला. मी समुद्र पाहिलेला एकमेव माणूस, पण रांगेत नववा. माझ्यापुढे आठ जण माझ्याच समुद्राकडे वळून "अहाहा" म्हणत होते. बापूसाहेबांनी हात वर केला की सगळे थांबायचे, हात खाली केला की चालायचे. वखारीत माझ्या हमालांनीही मला इतका मान कधी दिला नाही.

त्या दिवशी मी जाहीर केलं. "कड्यावर पुढे मी चालणार. नाहीतर मी येत नाही."

"क्यों भई, वाट कोणाला माहीत आहे?" सदूभाऊ म्हणाले.

"मला!"

"नकाशा बापूसाहेबांकडे आहे ना, शेठ."

रात्रभर तडफडलो. सकाळी सरळ बापूसाहेबांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्यांनी कधी घरी बोलावलं नव्हतं, म्हणून मीही कधी गेलो नव्हतो. दार लोटलेलं होतं. आत त्यांचा आवाज येत होता, टेकडीवरचाच, पण हळू.

"आता विहीर मागे राहिली. चढ संपला. दमलात? बसू या. हा दगड सपाट आहे. नैर्ऋत्येकडून वारा येतोय."

खोलीत पलंगावर एक बाई निजलेल्या होत्या. पांढरे केस, चेहरा एका बाजूला ओढलेला, एक हात उशीवर तसाच पडलेला. बापूसाहेबांची थोरली बहीण, आक्का. मला एवढंच ठाऊक होतं की त्या आजारी असतात. किती वर्षं आणि किती, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बापूसाहेबांनी माझाच नकाशा पलंगाच्या कडेला टेकवून धरला होता. दुसऱ्या हातात पेजेचा चमचा.

"आता बघा, खाली समुद्र," ते म्हणाले. "निळा. एकदम शांत. कागदासारखा."

इथे माझं डोकं फिरलं. मी भांडायला आलो होतो, भांडलोच.

"निळा?" मी दारातूनच ओरडलो. "कोणी सांगितलं निळा? त्या कड्याखाली तो काळपट हिरवा असतो! आणि शांत? अहो, दगडावर आपटला की वाटेवर उभ्या माणसाच्या तोंडाला खारट लागतं! मिशीवर मीठ जमतं! तुम्हाला काय कळतंय?"

बापूसाहेबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. आक्कांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या ओठाची एक बाजू वर गेली. त्यांनी चांगल्या हाताची बोटं गादीवर दोनदा आपटली.

"पुढे सांगा म्हणतायत," बापूसाहेब म्हणाले.

मी स्टुलावर बसलो. उभ्यानं सांगण्यासारखं ते नव्हतं. ओहोटीला दगडांवरून पाणी कसं सुस्कारे टाकत उतरतं ते सांगितलं. लाट कपारीत शिरते तेव्हा आत कोणी दार लावल्यासारखा आवाज होतो, तो तोंडानं काढून दाखवला. आक्कांनी परत बोटं आपटली. पेज गार झाली.

निघताना बापूसाहेबांनी माझ्या हातात सहलीची फाईल ठेवली. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: अग्रभागी, मयेकरशेठ. शाई जुनी होती. अकरा नावांत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं.

"तुम्ही नाही येणार?"

"कचेरीतल्या माणसानं कड्यावर काय करायचं?" त्यांनी चष्मा पुसला. "आणि यांना सोडून अर्धा दिवसही राहता येत नाही. मंडळाला आत्ताच सांगू नका. ते निघायचेच नाहीत."

मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. पुढची जागा, नकाशा, अकरा म्हातारे. तरी मी फसवला गेलो आहे. त्यांनी माझा समुद्र मला न विचारता नेला, हे मी एक वेळ सोडून देईन. पण दोन हिवाळे तो त्या खोलीत चुकीचा सांगितला जात होता. निळा, शांत, कागदासारखा! तिथून चार गल्ल्यांवर समुद्र पाहिलेला माणूस पोहे खात बसला होता, आणि त्याला कोणी बोलावलं नाही. दोन हिवाळे ती बाई भलताच समुद्र ऐकत पडून होती. याला जबाबदार कोण? बापूसाहेबांनी मला याचं उत्तर द्यावं, आणि नकाशा बाजूला ठेवून द्यावं.