मानेकाका डुप्लिकेट काढतात

मानेकाका पहिल्यांदा चहाला आले आणि माझी गाळणी घेऊन गेले. विचारून नव्हे. ओट्यावर दोन दिसल्या, "दोन कशाला?" म्हणाले आणि जाताना एक वॉचमनला देऊन टाकली. मी दुधाचं पातेलं धरून बघतच राहिले.

चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेला हा माणूस रावेतला आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. सोसायटीत 'पाणी जपून वापरा'च्या दोन पाट्या होत्या. एक त्यांनी उतरवली. भाजीवाल्यालाही सुनावलं, "एकदाच ओरड की बाबा, ऐकू येतंय."

कुठल्या मशिनला तेल कधी घालायचं, पट्टा कधी बदलायचा, हे छोट्या वर्कशॉपना सांगणारं आमचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. सुरू केलं काकांनीच. कोड सगळ्यांना खुला. कुणीही भर घालावी, ती तपासून मी आत घेते. लोक आधीचं न वाचताच लिहितात, त्यामुळे एकच हिशेब दोन-दोन जागी. गेल्या आठवड्यात काकांनी डुप्लिकेट कोड धडाधड काढायला घेतला.

लगेच सादिकचा फोन. त्याचं भोसरीत लेथचं वर्कशॉप आहे.

"ताई, काकांना आवरा! रविवार घालवून तेलाचा हिशेब लिहिला मी. उडवला ना त्यांनी?"

"उघडून बघितलंस का?"

"बघायचं काय, राव? माझा ठेवून स्वतःचा उडवणारेत होय ते?"

मलाही पटलं. कोड बदलायची काकांची परवानगीच बंद करायची, असं ठरवून लॅपटॉप घेऊन वर गेले. त्यांच्यासमोरच बदल उघडले. काढलेल्या ओळी लाल दिसतात, शेजारी लिहिणाऱ्याचं नाव. माने. माने. खाली पुन्हा माने. सादिकचा हिशेब मात्र जागच्या जागी होता. त्यातल्या एका ओळीपाशी काकांनी लिहिलं होतं, 'इथं चुकलंय. फोनवर सांगतो.'

मला धक्काच बसला. "काका, तुमचा चांगला चालत होता की! त्याचा चुकीचा, वर हळू!"

"सुधारंल."

"अहो, पण तुमचं जवळजवळ सगळंच गेलंय यात!"

"जाऊ द्या, ताई. त्याचं काढलं तर तो पुन्हा यायचा न्हाई. ठेवलं, तर चूक सांगायला फोन तरी करता येतो."

"मग केलात?"

"कामात असंल तो."

मी सादिकला फोन लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. काका सावरून बसले, घसा खाकरला.

"सादिकभाई, माने बोलतोय. तेलाचं जरा बोलायचं होतं... घाई न्हाई ना तुम्हाला?"