लंगडीचा गृहपाठ

भिंगारचे शामकांत गुरुजी श्रीगोंद्याजवळच्या एका वाडीवर, एकशिक्षकी शाळेत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि मैदानी खेळांच्या वह्या जास्त होत्या. पळणं, उडी, झेल, तोल, सगळं मुलांना खेळातूनच शिकवायचं, असा त्यांचा बेत. शुक्रवारी तपासणीला साहेब येणार होते. शेरा चांगला पडला तर गुरुजींची नोकरी कायम होणार होती. दाढी करताना ते आरशाला म्हणाले, "पोरांचा तोल बघून साहेब खुर्चीतून उठतील."

गुरुवारी त्यांनी गृहपाठ दिला. शाळेपासून घरापर्यंत लंगडी घालत जायचं. पाय टेकला की बाद. बोललं तरी बाद, कारण बोलण्यात दम जातो. बाद न होणारा उद्या साहेबांसमोर पहिला.

बत्तीस पोरं एका पायावर, तोंडं मिटून वाडीत शिरली.

ती आधी दिसली लंकाबाईला. वाडीत कुणाचा पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप तीच लावायची. तिची छबू सर्वांत पुढं होती.

"काय झालं गं पायाला?"

छबू गप्प.

"मास्तरनं मारलं व्हय?"

छबूनं ओठ आणखी घट्ट मिटले. उंबरा आता दहा हातांवर होता. लंकाबाईनं खाली बसून लेकीचा वर धरलेला पाय हलकेच जमिनीला लावला. त्यासरशी छबूनं असा गळा काढला की गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली.

"लई दुखतंय लेकराला," लंकाबाई शेजारणीला म्हणाली. "आन् समद्यांचा डावाच पाय. साथ हाय ही."

तासाभरात बत्तीस डाव्या पायांना लेप लागले. पोरांनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण दुखण्यापायी गूळ-शेंगदाणे मिळतायत आणि उद्याची शाळा बुडतेय म्हटल्यावर बहुतेकांनी ते मिटलं.

गुरुजी घाबरेघुबरे होऊन घरोघर समजवायला धावले. "अहो, तो खेळ होता."

"खेळ म्हनता? मग लेकरू रडलं कशापायी?" लंकाबाईनं विचारलं. गुरुजी तसेच मागं फिरले. परतताना उसाच्या पाटात पाय जाऊन त्यांचा घोटा मुरगळला. तोही डावाच. लेप मागायला जायला आता तोंड राहिलं नव्हतं.

शुक्रवारी साहेब आले, तेव्हा शाळेच्या दारात एकटी छबू बसली होती, पायाला चिंधी बांधून. बाद झाल्याचा सल तिला घरी राहू देईना. आत गुरुजी, एका पायावर उभे.

"बाकीची मुलं?"

"लंगडीमुळं घरी आहेत, साहेब."

साहेबांनी गुरुजींच्या वह्या चाळल्या, प्रश्न विचारले. अर्धा तास गुरुजींनी एका पायावर उत्तरं दिली. साहेबांना वाटलं, हे प्रात्यक्षिकच चाललंय. गुरुजींनीही तो समज मोडला नाही.

"तोल असावा तर असा," म्हणत साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं, 'यांना कायम करण्याची...'

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. नमस्कारासाठी हात जोडताना त्यांनी भान विसरून डावा पाय खाली ठेवला, आणि छबूपेक्षा वरच्या पट्टीत गळा काढला.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी सुजलेल्या घोट्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि वाक्य पुरं केलं, '...घाई नको.'

दारातून छबू गंभीरपणे म्हणाली, "गुरुजी, तुमीबी बाद."